अकरावी आवृत्ती आणि दाखल्याचा शिक्का

विषय — लिहून घ्या ताई, मी सांगतो तसं — विषय: खेळासाठी घेतलेल्या नवीन कॉम्प्युटरवर ऑपरेटिंग सिस्टिमची कोणती आवृत्ती घालावी याबाबत. संदर्भ: एक, अर्जदाराचं आपल्याशी मंगळवारी झालेलं तोंडी बोलणं, दोन, अर्जदाराच्या मुलीचा पत्रव्यवहार, तो अजून चालू आहे. अर्जदार मेतोदी बाकालोव, वय सदुसष्ट, सेवानिवृत्त लिपिक, रहिवासी नोंदणी विभाग — हसू नका हो, तुम्ही विचारलंत 'काका, नक्की काय पाहिजे ते एकदा नीट सांगा', आणि मला नीट सांगायची ही एकच पद्धत येते. चौतीस वर्षं याच पद्धतीनं लोकांनी मला सांगितलं. तेही असंच वाकून, कारण आमच्या कचेरीची खिडकी लोकांच्या छातीएवढीच होती. तुमची तर गुडघ्याएवढी आहे. तळघरात सिगारेट-बिअरचं आणि कॉम्प्युटर-दुरुस्तीचं दुकान, फुटपाथला खिडकी, आणि गिऱ्हाईकानं रस्त्यावर उकिडवं बसून बोलायचं — सोफिया शहरात ही सोय कुणी काढली त्याला माझ्यासारख्यांना एकदा तरी ओणवं करायचं असणार. हो, खोका दिलात बसायला, त्याबद्दल आभारी आहे. बिअरच्या बाटल्यांचा आहे, पण बरा आहे.

तर आवृत्ती. दहावी की अकरावी. तुम्ही म्हणताय, काका, आज नवीन यंत्रावर दहावी कोण घालतं, तिची देखभालही बंद झाली — माहीत आहे मला. मी पेपर वाचतो. घरगुती आणि व्यावसायिक यातला फरकही वाचलाय — घरगुती घ्यावी तर घरात मी एकटा, व्यावसायिक घ्यावी तर व्यवसाय म्हणजे पेन्शन आणि सकाळच्या न्याहारीला एक बनित्सा, तीही चीज कमी घातलेली — पण तो प्रश्न नाही. प्रश्न दहावी की अकरावी एवढाच आहे, आणि मी म्हणतो, दहावी घाला. का? — माणसाला सवय असते म्हणून. नवीन घरात जुनी खुर्ची नेतात की नाही लोक? तसंच. आणि अकरावी घातली की तो खेळाचा पहारेकरी, म्हणजे लबाडी पकडणारा प्रोग्राम, आत येतो आणि यंत्राला कुलपं घालतो, बाहेरचा कुठलाही प्रोग्राम आत घुसू देत नाही — म्हणजे असं ऐकलंय. मला काय करायचाय बाहेरचा प्रोग्राम. मी आपलं ऐकलेलं सांगतो.

आणि दुसरं, तो दाखला. मंगळवारी म्हणालो होतो ना — तुमच्या दुकानाच्या कागदावर दोन ओळी. 'अर्जदाराचा जुना कॉम्प्युटर तपासला असता त्यातील दहाव्या आवृत्तीत बिघाड आढळला, त्यामुळे खेळाच्या पहारेकऱ्याचा गैरसमज झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' खाली सही, तारीख, शिक्का. गोल शिक्का असेल तर गोल. 'शक्यता नाकारता येत नाही' हे वाक्य मी मुद्दाम घातलंय, त्यात तुमच्यावर काही येत नाही. या वाक्यावर आमच्या कचेरीतली माणसं निवृत्त झालीयत.

काय बघताय अशा? — माझा जुना कॉम्प्युटर, तो डबा, उघडलात तुम्ही. फायली नव्यात घालायच्या म्हणून मीच दिला होता, आणि मीच विसरलो. मी तो प्रोग्राम पुसला होता, ताई. म्हणजे पुसला असं मला वाटत होतं. रद्दीत टाकून रद्दी रिकामी केली. — ठीक आहे. पडदा माझ्याकडे वळवायची गरज नाही, मला नाव माहीत आहे त्याचं. ठेवा तसाच.

थोडं आवाज कमी करून बोलतो, मागून माणसं जातायत.

चार वर्षांपूर्वी त्स्वेतान्का गेली, माझी बायको. मुलगी राडोस्टिना तिकडे स्पेनमध्ये, सारागोसाला, म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात परिचारिका. रोज फोन करायची. काय बोलायचो आम्ही? जेवलात? जेवलो. गोळी घेतली? घेतली. थंडी आहे? आहे. दीड मिनिट. त्यातलं अर्धं मिनिट दोघं नुसते श्वास घ्यायचो. मग एका नाताळात आली ती हा खेळ घेऊन. कानाला हेडफोन लावला, हातात माउस दिला, म्हणाली, बाबा, तुम्ही बुरुजावर बसायचं आणि आमच्यावर कोण चालून येतंय त्याला टिपायचं. पाच जणांचा संघ — ती, तिच्या दवाखान्यातले तिघं, आणि मी. ते तिघं मला 'अबुएलो' म्हणतात, त्यांच्याकडे आजोबाला तसं म्हणतात. दर रविवारी जेवणं झाली की दोन तास. आणि ताई, त्या दोन तासांत ती बोलायला लागली. डावीकडे बघा बाबा, भिंतीमागे आहे — आणि त्याच दमात, मी आणि हाविएर वेगळे राहतोय मार्चपासून. मी म्हटलं, टिपला. मग म्हटलं, कधीपासून म्हणालीस? समोरासमोर बसवलं असतं तर शंभर वर्षांत बोलली नसती. तिची आई जायच्या आदल्या आठवड्यात तिच्याशी काय बोलली, हे मला बुरुजावर बसून कळलं.

मग हात थरथरायला लागला. हा, उजवा. डॉक्टर म्हणतात साधा कंप आहे, वयाचा, चमचा धरताना लक्षात येतो — चमचा धरताना नाही हो, नेम धरताना येतो. आम्ही हरायला लागलो. माझ्यामुळे. तिघांपैकी एकानं चांगल्या शब्दांत सुचवलं, अबुएलोंना विश्रांती द्यावी, दुसरा नेमबाज बघावा. माझ्या कानाला हेडफोन आहे आणि एव्हाना एवढं स्पॅनिश मला कळतं, हे तो विसरला. आणि राडोस्टिना म्हणाली, 'बाबा नाहीत तर मीही नाही.' मी खोकलोसुद्धा नाही, ताई.

त्या आठवड्यात तो प्रोग्राम घेतला. नेम धरून देणारा. आपण फक्त तिकडे तोंड करायचं, बाकी तो बघतो. मी स्वतःला काय सांगितलं? की हा चष्म्यासारखा आहे. डोळे गेले की चष्मा, हात गेला की हा. असं लिहूनही काढलं होतं मुद्दे घालून, कुणी विचारलंच तर. सात रविवार, सात डाव जिंकले. स्पर्धेत नाव लागलं आमचं. राडोस्टिना दवाखान्यात सगळ्यांना सांगायची, आमचे बाबा, सदुसष्ट वर्षं, बघा काय टिपतात. ज्यानं विश्रांती सुचवली होती त्यानं माझी माफी मागितली. मी दिली. मोठ्या मनानं दिली.

आठव्या रविवारी पहारेकऱ्यानं पकडलं. माझ्यावर बंदी, आणि माझ्यामुळे पाचही जण स्पर्धेतून बाद. राडोस्टिनाचा फोन आला. ती रागावलेली नव्हती, घाबरलेली होती — माझ्यासाठी. बाबा, काहीतरी चूक झालीय त्यांची, तुम्हाला काही कळतंय का? आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, दहावी आवृत्ती आहे ना, जुनी झालीय, तिच्यात बिघाड असेल. ती बिचारी निर्जीव वस्तू, तिला तोंड नाही. चौतीस वर्षं लोक माझ्यासमोर उभे राहून फायलीला दोष द्यायचे, नाहीतर टपालाला, आणि मी मनात म्हणायचो, किती सराईत आहेत हे. मला एक सेकंद लागला.

तिनं लगेच खेळाच्या कंपनीकडे अपील केलं. माझ्या वतीनं. नक्कल मला पाठवली, ती इथं खिशात — नाही, वाचून नाही दाखवत. थोडं दाखवतो. एवढंच: 'माझे वडील रहिवासी नोंदणी विभागात होते. मला चांगल्या शाळेत घालायचं म्हणून माझ्या आईनं त्यांना आमचा पत्ता मावशीच्या घरचा दाखवायला सांगितला होता. सगळे दाखवतात. त्यांनी नाही दाखवला. मी आमच्या भागातल्या साध्या शाळेत गेले. ज्या माणसानं स्वतःच्या मुलीसाठी खोटा दाखला दिला नाही, तो एका खेळात फसवणूक करेल असं तुम्हाला खरंच वाटतं का?'

पत्त्याचं तुम्हाला माहीतच आहे — पत्ता जिथला, शाळा तिथली. अर्धं सोफिया शाळा उघडताना, सप्टेंबरपुरतं, मावशीकडे राहायला जातं. एकेका दोन खोल्यांच्या घरात कागदावर चौदा चौदा माणसं. मी शिक्के नाकारायचो, लोक शिव्या देऊन पलीकडच्या खिडकीवर जायचे, तिथं मिळायचे. त्स्वेतान्का दोन महिने बोलली नाही माझ्याशी. राडोस्टिना अकरा वर्षांची होती, तिनं त्या विषयावर कधी एक अक्षर काढलं नाही. मला वाटायचं विसरली. विसरली नव्हती, सांभाळून ठेवलं होतं तिनं — माझी चांगली गोष्ट म्हणून.

तर आता परिस्थिती अशी. कंपनीचं उत्तर आलं की स्पर्धेवरची बंदी अपिलाचा निकाल लागेपर्यंत राहील, दुरुस्तीवाल्याचा दाखला असल्यास जोडावा. आपापसात सरावाचे डाव खेळायला हरकत नाही, पण ते फक्त अकराव्या आवृत्तीवर, कुलपं लावलेल्या यंत्रावर. राडोस्टिना म्हणते, बाबा, नवीन यंत्र घ्या, अकरावी घाला, दुकानातून दाखला आणा, रविवारी आपण सराव करू. आता समजलं का, मी दहावी का म्हणतोय? दहावीवर आता खेळ उघडणारच नाही. मी सांगेन, दुकानात घोळ झाला, बघतोय, होईल. महिना जाईल. दोन जातील. अकरावी घातली तर रविवारी मी त्या बुरुजावर बसणार, एकटा, या हातानं — आणि पहिल्या पाच मिनिटांत तिला कळणार. ती परिचारिका आहे. थरथरणारे हात दिवसभर बघते. आणि मग ते सात रविवार कुठून आले, याचाही हिशेब तिला लागणार.

थांबा. काय करताय? — ताई, तो शिक्का आहे का? शाईत बुडवलात? माझ्यासाठी?

इतक्या सहज?

नाही, तुमचा मान राखून बोलतो, चांगल्या मनानं करताय, दिसतंय मला. म्हातारा माणूस, मुलगी परदेशात, दोन ओळी लिहून दिल्या तर कुणाचं काय जातंय — आमच्या कचेरीत पलीकडच्या खिडकीवरची लिल्यानाही अगदी असंच म्हणायची, तिच्या ड्रॉवरमध्ये कायम लोकांनी दिलेली चॉकलेटं असायची. मी तिला काय काय बोललो असेन. — तो कागद माझ्याकडे द्या. शिक्का मारू नका. नुसता कागद. हां. हा घडी करून माझ्या खिशात गेला, विषय संपला. तुम्ही आपलं तुमचं — एक मिनिट. तिचाच फोन. तिची चहाची सुट्टी झाली असेल.

हो, राडोस्टिना. दुकानातच आहे, खिडकीशी. बसलोय, खोका दिलाय बाईंनी. — जेवलो. घेतली गोळी. — अकरावीचं बोलणं चालू आहे. — दाखला? दाखल्याचं असं आहे — बाई नाही म्हणतायत. हो. म्हणतात, जे मी पाहिलं नाही त्यावर सही करणार नाही. — नाही, मी आग्रह केला, पण त्या ऐकत नाहीत. — बरं. — बरं, सांगतो त्यांना. — हो, रविवारी. ठेव.

ऐकलंत तुम्ही. तुमच्यावर ढकललं मी. तोंड उघडलं खरं सांगायला आणि निघालं ते असं — माझंच कचेरीतलं जुनं वाक्य तुमच्या तोंडी घातलं. माफ करा. आणि तिनं तुम्हाला निरोप सांगितलाय. म्हणाली, त्या बाईंना माझा नमस्कार सांगा, वाईट वाटून घेऊ नका बाबा त्यांचं, तुम्हीही असेच होता.

होता, म्हणाली. ती सहज म्हणाली, निवृत्त झालो म्हणून.

— अकरावी घाला, ताई. घरगुती. कुलपं सगळी लावा. जुना डबा परत नको मला, तो मोडीत काढा, पण मोडण्याआधी आतलं तुम्ही स्वतः पुसा, मला येत नाही ते. शनिवारी न्यायला येतो. बघू नका हो माझ्याकडे असं, मागे तो माणूस सिगारेट घ्यायला थांबलाय, तुमची खिडकी अडवून बसलोय मी. द्या त्याला काय पाहिजे ते.

अपिलाचं? त्याचं काय विचारताय. सतरा दिवस झाले. दाखल्याविना आहे. प्रलंबित.