बाळंतिणीची पाठ

धारवाड स्टेशनच्या बाकावर हेमावती बसली होती. शेजारच्या दोघींचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

“बाळच गेलं, मग तिथं तेल लावायला कशाला गेलीस, भागीरथी?”

“बाळ गेलं, अक्का. बाळंतीण आहे की.”

“बरं, मग?”

“पाठ अगदी दगड झालेली. चोळवेना मला. हात नुसता ठेवून बसले.”

“आणि?”

“रडली. बाळाचं नाव काय ठेवणार होती, ते सांगितलं.”

“तू काय बोललीस?”

“हात काढला नाही. आता तसल्या घरी न बोलावताच जाते.”

हुबळीची गाडी आली. दोघी उठल्या. हेमावतीनं भागीरथीचा पदर धरला.

“अक्का, वर्ष होऊन गेलं असलं, तरी येता का हो?”