सरावाच्या वहीतला तिसरा पेशंट

— पळून नाही गेली हो मॅडम, चेतना सर्टिफिकिटांची झेरॉक्स काढायला गेलीय, शहाद्यात झेरॉक्सवाल्याकडं देवळापेक्षा मोठी रांग — बसा, तुमची धुळ्याची गाडी अजून लागायची आहे. मी तिचा आबा, लोटन, म्हसावदचा. चौथीपर्यंत शिकलो, पुढं मास्तरांच्या खुर्चीला खाजकुयली लावली म्हणून शिकायचं राहिलं. खरं सांगू का, नातीला नवरा शोधणं सोपं, सुपरव्हायझर शोधणं अवघड. सात महिने हिंडतोय. पोरगी लोकांच्या मनाचं दुखणं ऐकायला शिकली, पण तुमच्यासारख्या नोंदणीवाल्या जाणत्या माणसाची सही नसली तर तिच्या कामाचा एक तासही धरत नाहीत. नंदुरबारला एक साहेब सापडले, त्यांची बदली झाली. दुसऱ्यांच्या नोंदणीची मुदतच सरलेली. सुरतवाले म्हणाले, आमचं राज्य वेगळं. एकानं तर मलाच विचारलं, बाबा, झोप लागते का — म्हटलं लागते की, तुमच्या दाराबाहेरच्या बाकावर तीन तास लागली. हसा, पण थकलो मॅडम. एसटीची एक एक पायरी गुडघ्याला शिव्या देते. या महिनाअखेर सुपरव्हायझर दाखवला नाही तर कोर्समधून तिचं नाव कटतं, आणि तिचा बाप, आमचा ललित, म्हणतो पुरे झालं, आता स्थळ बघू.

हो, तुमच्या हातात आहे तीच वही. सरावाची, वर लिहिलंय ना तिनं. सुपरव्हायझर नाही तर पेशंट बघायचा नाही, आणि सुपरव्हायझर म्हणतात आधी काम दाखव — मग काय, मीच बसलो पेशंट होऊन. पहिल्या दिवशी मी केळीचा घड झालो. म्हटलं ताई, व्यापारी आला तर सांगा, हा अजून कच्चा आहे. मला वाटलं लोळेल हसून — तर म्हणे, कापतील याची भीती कधीपासून वाटते? दुसऱ्या दिवशी मला आमची म्हैस टोमणे मारायची. तेही लिहून घेतलं शहाणीनं.

तिसरा? तिसराही रचलेलाच. हा माणूस बायकोपुढं मेल्याचं सोंग घ्यायचा — खाटेवर जीभ बाहेर काढून पडायचा, ती पिठाच्या हातानं धावत यायची, गल्ली हसायची. असं वर्षानुवर्षं. मग एक दिवस तीच अंगणात आडवी. याला वाटलं, आज फेड करतेय. बसला समोर, तंबाखू मळत. म्हणाला, ऊठ वं, पुरं झायं तुन्हं नाटक. थोड्या वेळानं परत म्हणाला. शेजारीण आली तेव्हा तंबाखू तशीच हातात — खोटंच हो सगळं, मला खोटं रचायला काय लागतं, धनुबाईनं शंभरदा सांगितलं होतं, असल्या गोष्टीचं सोंग घेऊ नये —

...निघालं बायकोचं नाव तोंडातून.

मॅडम, चेतनाला सांगू नका. तिला वाटतं, आबानं आणखी एक सोंग काढलं. वाटू द्या. ललितला तर वाटतं मी तेव्हा शेतात होतो, अकरा वर्षं झाली. घरातला माणूस पेशंट म्हणून चालत नाही, तो नियम मले ठाऊक शे, बाकावर सगळे नियम ऐकलेत. पण तिनं काही लबाडी नाही केली, लबाडी मन्ही. माझ्यापायी पोरीवर फुली मारू नका.

काय? खालची ओळ? थांबा, बोट ठेवून वाचतो, अक्षर बारीक काढते मेली. 'येथे... सराव... थांबवला. पुढे काही विचारले नाही. आबांजवळ... बसून राहिले.'

आबांजवळ.

म्हणजे हिला — तेव्हाच? आणि दुसऱ्या दिवशी भाकरी वाढताना तोंडावर काही नाही. माझ्यापेक्षा पक्की निघाली.

काय म्हणालात? सोमवारी, दहाला, धुळ्याला? घेता तिला? आणि हे पान तासांत धरायचं नाही — नका धरू, सगळी वही नका धरू. मी पण यायचं? तिच्याकडं नाही, दुसऱ्या कोणाजवळ बोलायला? ...बघू. आधी गुडघ्यांना विचारतो.

ती बघा, आली कागद छातीशी धरून. तुम्हीच सांगा तिला. मला आता काही विचारू नका — मी जरा तिकडं तोंड करून बसतो.