रिकाम्या खोलीतली शुद्ध हवा

मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो — आणि उत्तर द्यायची घाई करू नका! ज्याच्या नावानं वस्तू घरात येते, त्याच्यापर्यंत ती पोचलीच नाही, तर तिला सेवा म्हणायचं की शोभा? हं, लगेच माना डोलवायला लागलात! मान डोलवणं फार सोपं असतं. मानेला घरी जाऊन काही करावं लागत नाही!

ऐका तर. कोळशाच्या खाणींचं एक गाव. तिथली पहाटसुद्धा राखेत हात घालूनच उजेड शोधते. दोरीवर पांढरं धोतर वाळत घालावं, तर दिवस मावळेतो त्यानं सुतक धरलेलं असतं. अशा गावात प्रभाकरराव मुरकुटे राहत होते. सहकारी बँकेत शाखाधिकारी! शर्टाला इस्त्री, शब्दाला इस्त्री — आणि मनाला? तिथवर त्या इस्त्रीची वायर पुरत नव्हती!

त्यांच्या मातोश्री द्वारकाबाई. जुना दमा. त्यांची खोली मागच्या अंगाला, खिडकी थेट रेल्वेच्या कोळशाच्या वाघिणींकडे. श्वास म्हणजे काय, हे तुम्हाआम्हाला ठाऊक नाही मंडळी, कारण तो न मागता येतो. द्वारकाबाईंना तो खोल विहिरीतून शेंदावा लागे; आणि घागर काठाशी येईतो निम्मी सांडलेली असे.

डॉक्टर बरडे म्हणाले, "मुरकुटे, औषधं चालू ठेवाच, पण एक एअर प्युरिफायर आणा. आईंच्या खोलीत ठेवा. खिडकी लावून घ्या."

"आईसाठी काय वाट्टेल ते, डॉक्टर!"

वा! काय वाक्य! कोरून ठेवावं असं! आणि कोरून ठेवलेल्या वाक्यांचं पुढे काय होतं? त्यांवर धूळ बसते.

प्रभाकरराव दुकानात गेले. दुकानदारानं रीतसर विचारलं, "साहेब, खोली केवढी आहे?"

प्रभाकरराव म्हणाले, "हॉल चांगला प्रशस्त आहे."

मंडळी — चोर तिथेच सापडला! आई मागच्या खोलीत, आणि माप हॉलचं! पुढे विचारतात काय, तर हवेत धूळ किती ते सांगणारा यंत्रावरचा आकडा लांबून दिसेल ना? सोफ्याच्या रंगाला शोभेल ना? श्वास घेणारीच्या छातीचं काही विचारलं? नाही! छातीला कुठे रंगसंगती असते!

यंत्र आलं. आणि आपल्या घरी नवी वस्तू आली की काय होतं? पूजा! स्कूटर असो, मिक्सर असो, आपण कुंकू लावल्याशिवाय खटका दाबत नाही. सूनबाई नलिनी ताट घेऊन आल्या. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, जाळीसमोर उदबत्त्या खोचल्या, वर कापूर पेटवला. आणि मग खटका दाबला.

काय सांगू! यंत्राचा हिरवा डोळा लालबुंद झाला! आकडा चढतोय, चढतोय, आणि आतून असा घुमारा उठला की शेजारचे बोबडेकाका दोन पावलं मागे सरले. "प्रभाकर, अंगात आलं की काय रे याच्या! विचार, कुठलं दैवत आहे!"

नलिनीबाई म्हणाल्या, "अहो काका, उदबत्तीचा धूर ओढतंय ते. आपलं काम करतंय बिचारं!"

पण प्रभाकररावांचा चेहरा उतरला. चार माणसांत लाल आकडा! त्यांनी उदबत्त्या चिमटीत विझवल्या, कापरावर वाटी पालथी घातली, आणि डोळा पुन्हा हिरवा होईतो ते यंत्रापुढे असे उभे राहिले, जसे देवापुढेही कधी राहिले नसतील!

त्या दिवसापासून घरात नवा देव बसला, मंडळी, आणि आकडा ही त्याची आज्ञा! देव्हाऱ्यातली समई बंद — काजळी धरते. आमटीची फोडणी बंद — धूर होतो. नलिनीबाई पानात वरण वाढत म्हणायच्या, "घ्या, शुद्ध आहे. चव नाही, पण शुद्ध आहे!"

आणि सारखी हाक एकच : "दार लावा! हवा जाते!"

"आईंच्या खोलीत कधी न्यायचं हे?" नलिनीबाईंनी विचारलं.

"तिथे तीन पिनांचा प्लग कुठे आहे? वायरमन बोलवावा लागेल."

"मग बोलवा."

"बघू."

हे 'बघू' ओळखीचं आहे ना? का हसलात? आपल्या घरात म्हाताऱ्या माणसांची कितीतरी सुखं या 'बघू'च्या ओसरीवर ताटकळत बसलेली असतात. आत या असं कोणी म्हणत नाही, आणि जा असंही कोणी म्हणत नाही.

एका संध्याकाळी बोबडेकाका चहाला आले. प्रभाकरराव बोटानं दाखवताहेत, "बघा काका, नऊ! बाहेर काय हवा आहे, आणि इथे नऊ!" तोच आतलं दार उघडलं. खांद्यावर गोधडी घेऊन द्वारकाबाई हळूहळू आल्या. मागून त्या खोलीची हवाही आली, आणि गोधडीत मुरलेली कोळशाची भुकटी. आकडा चढला. नवाचे चाळीस, चाळिसाचे नव्वद. डोळा लाल!

"आई! अगं, तू आत बस ना! तुझ्यानं आकडा वाढतो!"

ऐकलंत? जिच्या पोटात असताना यानं तिच्याच श्वासावर दिवस काढले, तिला हा सांगतोय की हवा बिघडते तुझ्यानं!

म्हातारीनं यंत्राकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं. "जरा बरं वाटतं म्हणतात ना याच्याजवळ… म्हणून आले होते रे बाबा." आणि गोधडी सावरत आत गेली. दार तिनं स्वतःच्या हातानं लावून घेतलं. बोबडेकाकांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि चपला शोधायला लागले.

पुढच्या रविवारी मुख्य कचेरीतले साहेब जेवायला आले. दारं बंद, यंत्र पूर्ण वेगावर, त्याचा घुमारा हॉलभर. साहेब म्हणतात, "वा मुरकुटे, थंड हवेच्या ठिकाणी आल्यासारखं वाटतं!" प्रभाकरराव फुलले. आणि त्याच वेळी मागच्या खोलीत द्वारकाबाईंना उबळ आली. हाक मारायला श्वास लागतो, मंडळी! तोच नव्हता. त्यांनी पेल्यानं भिंत ठोकली. ठोकत राहिल्या. हॉलमध्ये ऐकू आलं काय? घुमारा!

नलिनीबाई पाणी आणायला उठल्या, म्हणून त्यांना तो आवाज आला. त्यांनी दार धाडकन उघडलं. प्रभाकररावांची पाठ होती. ते न वळताच ओरडले, "दार लाव! हवा जातेय!"

"हवा नाही, आई जाताहेत तुमच्या!"

साहेबांच्या गाडीतूनच नेलं दवाखान्यात. वाचल्या. हो, वाचल्या! रडायची तयारी केली असेल तर पदर खाली ठेवा.

आणि आता प्रभाकररावांची धावपळ पाहा! ज्या वायरमनसाठी सवड नव्हती, तो तासाभरात आला आणि तीन पिनांचा प्लग बसवून गेला. यंत्र मागच्या खोलीत नेलं. खिडकीच्या फटी बुजवल्या. नवी चादर अंथरली. आणि प्रभाकरराव आईला आणायला गेले.

"चल आई. यंत्र तुझ्याच खोलीत ठेवलंय."

द्वारकाबाई म्हणाल्या, "बरं केलंस हो. पण मला सिंधूकडे सोड." सिंधू म्हणजे धाकटी लेक, वर्ध्याला दोन खोल्यांत राहणारी.

"अगं, तिच्याकडे यंत्र कुठे आहे?"

"नाही. पण मी खोकले की ती उठून बसते."

राग नाही, टोमणा नाही. राग असता तर पाय धरता आले असते! वेळ काय झाली सांगावी, इतक्या साधेपणानं म्हातारीनं सांगितलं.

त्या संध्याकाळी आईला वर्ध्याला सोडून प्रभाकरराव घरी आले, मागच्या खोलीत गेले. यंत्र मंद घुमत होतं. डोळा हिरवागार. आकडा — दोन! इतका खाली तो हॉलमध्ये साहेबांपुढेही आला नव्हता. का येणार नाही? कोणी खोकत नाही, कोणी गोधडी झटकत नाही, कोणी कूस बदलत नाही. त्या खोलीत हवा बिघडवायला कोणी उरलंच नव्हतं! प्रभाकरराव त्या दोनाकडे पाहत उंबऱ्यातच थांबले. आत पाऊल टाकावं, तर आकडा वाढेल!

हसा, मंडळी, प्रभाकररावांना खुशाल हसा! पण जाताना आपापल्या घराची मागची खोली आठवा. तिच्या नावानं काय काय आणलंत, आणि ते कुठे मांडलंत? कुणाच्या येण्यानं तुमच्या हॉलचा आकडा वाढतो? तुमचं 'बघू' कुणाच्या दाराशी उभं आहे?

टाळ्या राहू द्या. ज्यांच्या घरी मागची खोली आहे, त्यांनी आरतीलाही थांबू नये. उठा — आणि आधी ते दार उघडा!