धुराच्या कराचा ठराव

धुराच्या ठरावाचं तुम्हाला कधी सांगितलं नाही, नाही का? नव्वद सालानंतरची गोष्ट. मी जत तालुक्यात ग्रामसेवक होतो. सांगलीहून एक प्राध्यापक आमच्या ग्रामसभेला आले. म्हणाले, "दिल्लीनं कोळशा-डिझेलवर कर लावावा आणि तो पैसा घरटी सारखा वाटावा, असा ठराव करा."

सरपंचांची कोळशावर चालणारी वीटभट्टी होती. ते म्हणाले, "ह्यात गावाचं नुकसान हाय."

हौसाआजी उठल्या. "गावाचं, का तुमच्या भट्टीचं?"

सभा हसली. सरपंच चिडले. "मग तुमच्या चुलीच्या धुरावरबी कर बसवू, आजी."

"बसवा की. दिसातनं एकदाच पेटती."

कुणी हसलं नाही. सरपंचांनी ठरावावर सही केली.

आजींनी प्राध्यापकांना विचारलं, "पैसं कवा येत्यात?"

प्राध्यापक मला सांगलीच्या यष्टीची वेळ विचारू लागले.