मत न देणाऱ्याच्या दारातला बर्फ

...नाही, मी म्हणतो, पोरीला नौदलात अधिकारी व्हायचंय ना? मग पळवा तिला, पोहायला लावा, जोर काढायला लावा, पण बापाच्या कमरेचा ह्यात काय संबंध? तुम्हाला सांगतो, अख्खा हिवाळा, अख्खा हिवाळा हो, मी शेजारच्या म्हाताऱ्याच्या दारातला बर्फ काढलाय! अर्ज कोणाचा? पोरीचा, सिग्नीचा. शिफारस कोणाला हवी? सिग्नीला. आणि फावडं कोणाच्या हातात? माझ्या!

आता तुम्ही म्हणाल, व्हर्लिन ऑपडाल, टायरचं दुकान चालवतोस, चांगला धडधाकट आहेस, काढलास जरा बर्फ तर काय झिजलास? अहो, प्रश्न झिजायचा नाही, प्रश्न म्हाताऱ्याचा आहे! चीफ ब्रेके, चीफ हा त्याचा हुद्दा. जन्म गेला नौदलात, आणि निवृत्त होऊन राहायला कुठं आला? तर आमच्या नॉर्थ डकोटात, जिथं समुद्र फक्त कॅलेंडरवर दिसतो, आणि त्यातही नेमका माझ्या शेजारी! नऊ वर्षं आमचं बोलणं नव्हतं. कारण काय, तर माझं बर्फ उडवायचं यंत्र. मी माझ्या अंगणातला बर्फ उडवायचो आणि वारा तो नेऊन टाकायचा ह्याच्या अंगणात. आता वारा काय माझ्या बापाचा आहे? एकदा त्या बर्फात एक दगड गेला आणि ह्याच्या दारावरचा दिवा फुटला... एवढुसा दिवा हो! तर हा बाहेर येऊन गरजला, "ऑपडाल, माझ्या जहाजावर असतास तर दोरीला बांधून मागनं ओढत नेला असता तुला!" मी म्हटलं, "जहाज कुठाय? दाखवा की!" झालं. तेव्हापासून तो त्याच्या दारात, मी माझ्या.

आणि आमच्या पोटी हे कन्यारत्न! तळ्यापलीकडं पाणी बघितलेलं नाही, आणि एक दिवस जेवता जेवता म्हणते, "बाबा, मला नेव्हल अकॅडमीत जायचंय." मी म्हटलं, जा! मार्क आहेत, अंगात रग आहे, जा की! तर म्हणे नुसतं जाता येत नाही, नॉमिनेशन लागतं. म्हणजे आपल्या सिनेटरनं नाहीतर काँग्रेसमधल्या प्रतिनिधीनं हिचं नाव सुचवायचं, मग अकॅडमी विचार करणार. विचार! अहो, सिनेटरला मी एकदाच बघितलंय, जत्रेत, लांबून, कणीस खाताना. तो काय मला ओळखणार? "ओळख नाही लागत हो बाबा, मुलाखत असते," सिग्नी म्हणाली. "समिती असते इकडच्याच माणसांची." कोण माणसं? तर एक निवृत्त मुख्याध्यापिका, एक बँकवाले, आणि... ओळखलंत ना? बरोब्बर. चीफ ब्रेके!

मार्लिस, म्हणजे माझी बायको, तडक उठली. कोपऱ्यातलं फावडं आणलं आणि माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, "निदान यंत्र तरी काढतो." तर म्हणते, "त्या यंत्राचं नाव काढलंस ना, तर पोरगी जन्मभर टायर बदलत बसेल!"

गरजवंताला अक्कल नसते, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं? त्या वर्षी ऑक्टोबरातच बर्फ पडला. गेलो. म्हाताऱ्यानं दार उघडलं. "काय पाहिजे?" मी म्हटलं, "काही नाही, व्यायाम!" "हं." दार बंद. दुसऱ्यांदा गेलो तर खिडकीतनं आवाज, "पायरीवरचा राहिला!" तिसऱ्यांदा मार्लिसनं बटाट्या-खिम्याचं हॉटडिश दिलं बरोबर, ओव्हनमधनं काढलेलं, वाफाळतं. म्हातारा चमचाभर खातो आणि म्हणतो, "मीठ कमी आहे." आणि भांडं ठेवून घेतो! सिनेटरसाहेबांनी कणीस खावं, चीफनं हॉटडिश खावं, आणि फावडं कोणाच्या हातात? माझ्या!

त्यात अकॅडमीची ती अंगातल्या ताकदीची परीक्षा. त्यात एक प्रकार असा, की गुडघ्यावर बसून बास्केटबॉल लांब फेकायचा. गुडघ्यावर बसून! मला सांगा, समोरनं शत्रू आला तर हे लोक काय त्याला चेंडू मारणार आहेत? पण नियम तो नियम. सिग्नी अंगणात गुडघे टेकून फेकतेय, मी पलीकडं उभा राहून झेलतोय, आणि एक चेंडू गेला कुंपणापलीकडं. म्हातारा चेंडू घेऊन आला. मला वाटलं आता फोडणार! तर म्हणतो कसा, "कोपर आत घे, पोरी. आणि बापाला बाजूला कर, उगाच मधे मधे करतोय." तेव्हापासून ही चेंडू आणायला म्हणून जायची ती तासभर यायचीच नाही. मला वाटायचं, बर्फात सापडत नसेल बिचारीला! मी दारात फावडं मारतोय, आत दोघं काहीतरी बोलतायत... मी मनात म्हणायचो, चला, एक मत तर पक्कं झालं!

मुलाखत डिसेंबरात, राज्याच्या राजधानीत, बिस्मार्कला. मार्लिस कॉफी आणायला गेलेली, आणि मी लग्नातला टाय लावून बाहेरच्या बाकावर. सिग्नी आत गेली. दार लागलं. आणि लगेच परत उघडलं, आणि बाहेर कोण आलं? चीफ! टोपी हातात, येऊन बसला माझ्या शेजारी. मी ओरडलोच, "अहो, आत जा! ती आत गेलीय!"

"म्हणूनच बाहेर आलो," म्हातारा म्हणाला. "शेजारची पोर आहे. तिच्या वेळी मी बसणं बरं नाही. समितीला पहिल्याच दिवशी सांगितलंय मी."

"पहिल्याच... म्हणजे ऑक्टोबरात?"

"सप्टेंबरात."

"मग मी तो बर्फ...?"

माझ्याकडं शांतपणे बघून म्हणतो, "तूच म्हणालास ना, व्यायाम!"

काय करावं ह्या माणसाला? मी तिथंच त्याचा गळा धरणार होतो, खरं सांगतो. पण बघितलं तर ह्याचं लक्षच नव्हतं माझ्याकडं. टोपी नुसती पिळून काढत होता. दाराकडं बघत पुटपुटला, "हरलीस तर काय करशील, असं विचारतात. तिथं अडखळते ती. पन्नासदा म्हणून घेतलंय तिच्याकडनं." मी म्हटलं, "तुम्ही? कधी?" तर म्हणतो, "तू बाहेर फावडं मारत होतास तेव्हा." बाप टायर बदलणारा हो, मी काय शिकवणार होतो तिला मुलाखतीचं? ज्याला येत होतं त्यानं शिकवलं. आणि मत मात्र, सरळपणानं, दिलं नाही.

परतताना गाडीत मी विचारलं, "तुला ठाऊक होतं?" सिग्नी म्हणाली, "हो." "आणि आईला?" मार्लिस म्हणाली, "मला आधीपासून." मी म्हटलं, "अगं, मग माझी कंबर मोडेपर्यंत गप्प का बसलीस?" तर म्हणते, "गेल्या हिवाळ्यात तो माणूस त्याच पायरीवर घसरून तासभर पडला होता, व्हर्लिन. घरात दुसरं कोणी नाही. सांगितलं असतं, तर गेला असतास तू?"

खोटं कशाला बोलू? नसतो गेलो. गाडी कडेला घेतली आणि डोळे पुसले. म्हटलं, काचेवर धुकं आलंय.

जानेवारीत सिनेटरच्या कचेरीतनं फोन आला, सिग्नीचं नाव सुचवलंय म्हणून, आणि मी तसाच, मोज्यांवर, बर्फातनं पळत म्हाताऱ्याकडं! तो म्हणाला, "बूट घाल, गाढवा," आणि मला घट्ट मिठीच मारली. वसंतात अकॅडमीचा होकार आला, उन्हाळ्यात पोर गेली. त्याच आठवड्यात मी त्याच्या दारावर नवा दिवा बसवला. आधीच बसवायला हवा होता.

आता परवाच्या रविवारी तिचा फोन. "बाबा, बर्फ पडतोय का तिकडं?" म्हटलं, "पडतोय." "चीफआजोबांची पायरी?" म्हटलं, "अगं, आत्ताच जेवलोय, जरा टेकतो..." "बाबा!" बस्स, एवढंच. पण तो आवाज! तुम्हाला सांगतो, मी उठून उभा राहिलो. फोनवर! ताठ!

शपथ घेतली तिनं. गणवेश घातला तिनं. समुद्र बघितला तिनं. आणि फावडं कोणाच्या हातात?... जातो हो, जातो, म्हातारा कॉफी ओतून बसला असेल. निवड झाली पोरीची, आणि भरती झालोय मी!