माझं नाटक, सरांचं संगीत

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आदरणीय मुख्याध्यापक, पलीकडच्या शाळेतून मुद्दाम वेळ काढून आलेल्या नाट्यशिक्षिका बाई, आजचे सत्कारमूर्ती आपले संगीताचे सर, सहकारी, पालक आणि मागे बाकांवर चुळबुळ करणाऱ्या माझ्या मुलांनो,

सर निवृत्त होत आहेत. चार गोड शब्द बोला, असं मला सांगितलंय. बोलते. पण आधी एक विचारू का? आपल्या शाळेची नाटकं कोण बसवतं? मी. आणि नाटक संपल्यावर पालक काय म्हणतात? "संगीत काय सुरेख होतं हो!" माझ्या सासूबाईंना कानाने कमी ऐकू येतं. त्यासुद्धा घरी जाताना हेच म्हणाल्या. यजमान तर रिक्षात चाल गुणगुणत होते. मी दोन महिने घसा फोडून बसवलेलं एक वाक्य कुणाच्या तोंडी असेल तर शपथ!

तालमीत मी शेवटच्या रांगेत बसायचे आणि ओरडायचे, "सर, वाद्यं कमी करा, राजा काय बोलतोय ते कळत नाही!" सर पियानोवरून मान वर न करता म्हणायचे, "बाई, राजाला तोंड उघडायला शिकवा." मग आमची जुंपायची. मुलं मजा बघत डबे खाऊन घ्यायची. सरांनी ड्रमवर घोंगडी टाकली, पियानोचं झाकण लावलं, तरी माझं समाधान होईना. शेवटी एकदा त्यांनी मला समजावलं, "व्हायोलिन आणि लहान मुलांचा गळा एकाच पट्टीत बोलतात, म्हणून भांडतात. नुसतं हळू वाजवून भागत नाही, बोलणाऱ्याला जागा सोडावी लागते." पटलं मला. पण पटलं असं मी कशाला सांगू?

गेल्या वर्षीचा प्रयोग आठवतोय? राणी झालेल्या मुलीचा घसा ऐन प्रयोगात बसला. राजाला निरोप देण्याचा मोठा प्रवेश आणि तोंडातून नुसती हवा. मी विंगेतून हातवारे करतेय, ओठ हलवून वाक्यं सांगतेय. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने पाहिलं सरांकडे. सरांनी एक बोट खाली केलं, सगळी व्हायोलिनं मांडीवर आली. पियानोचा एकच खालचा सूर उरला. ती कुजबुजत बोलली आणि शेवटच्या रांगेपर्यंत शब्दन् शब्द पोचला. वाक्य संपलं, तिने श्वास घेतला, तेवढ्यात दोन सूर वाजले आणि पुन्हा थांबले.

पडदा पडला. ती रडत धावत आली. मी हात पसरले. ती मला ओलांडून पियानोकडे गेली. पसरलेल्या हातांचं काय करायचं असतं हो? मी उगाच पडद्याची दोरी आवरत बसले. फार लागलं मला ते.

नंतर सरांना विचारलं, जरा फणकाऱ्यानेच, "तुम्हाला तिचे श्वास बरे कळले!"

"संवाद पाठ आहेत माझे," ते म्हणाले.

"राणीचे?"

"सगळ्यांचे. तुमच्या प्रत्येक नाटकाचे पाठ करतो, बाई. त्याशिवाय थांबायचं कुठे ते कसं कळणार?"

माझी वाक्यं कुणाच्या लक्षात राहत नाहीत म्हणून मी ज्या माणसावर जळत होते, त्याच्या ती सगळी तोंडपाठ होती.

आणि आज मुख्याध्यापकांनी आनंदाने जाहीर केलं की पुढच्या वर्षापासून सर पलीकडच्या शाळेच्या नाटकाला संगीत देणार. तुम्ही टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. समोर बसलेल्या या बाई अतिशय गुणी आहेत, असं म्हणतात. असतील. मला आज त्यांच्या चष्म्याची फ्रेमसुद्धा आवडलेली नाही.

सर, तिकडे खुशाल जा. मन लावून वाजवा. त्यांच्या मुलांसाठीही व्हायोलिनं खाली ठेवा, मुलांचा काय दोष? पण एक मागते. त्यांचे संवाद पाठ करू नका. समोर कागद ठेवा, बघून वाजवा. पाठ फक्त माझे असू देत.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, मी आपली ऋणी आहे. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. पाहुण्या बाईंची मात्र मी माफी मागत नाही. त्यांच्याबद्दल जे बोलले, ते चुकून बोललेले नाही.