मागच्या शेडमध्ये फोडलेली मशिनं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे व्यवस्थापकसाहेब, व्यासपीठावरच्या कार्मिक अधिकारी बाई, संघटनेचे सरचिटणीस, सत्कारमूर्ती दादा, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, जुळणी, रंगकाम, चाचणी आणि पॅकिंग विभागातले माझे सहकारी, आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून दाराशी उभे असलेले तुम्ही सगळे, सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. बाईंनी दोनदा बजावलंय की गोड बोला, निरोपाचा दिवस आहे. मी तशी तयारीही करून आले होते. पण आत्ता मानपत्र वाचलं गेलं आणि त्यात एक वाक्य आलं: ‘गेली अकरा वर्षे त्यांनी पॅकिंग विभागात स्वेच्छेने सेवा बजावली.’ स्वेच्छेने! तुम्ही टाळ्या वाजवल्यात. तुम्हाला दोष नाही, तुमच्यातले निम्मे तेव्हा इथे नव्हते. मी होते. आणि तो शब्द ऐकून माझ्या तोंडाची चव अशी गेली की बरोबर आणलेलं गोड भाषण पर्समध्येच राहू दे असं मी ठरवलं.

नव्या मुलामुलींना दादा म्हणजे खोक्यांवर लेबलं चिकटवणारे, फारसं न बोलणारे गृहस्थ. त्यांना ‘कानसेन’ का म्हणतात, हे तरी ठाऊक आहे का कुणाला?

मी चाचणीत लागले तेव्हा त्यांचं टेबल माझ्या शेजारी होतं. जुळणीतून आलेलं शिलाई मशीन समोर ठेवलं की ते सुई लावत नसत, दोरा ओवत नसत. हातचाक हळूच फिरवायचे, मान कलती करायची आणि ऐकायचं. मग म्हणायचे, खालच्या दोऱ्याचं शटल घासतंय, किंवा कापड पुढे सरकवणारे दाते अर्धा केस वर आलेत. आम्ही उघडून बघायचो. माझ्या आठवणीत ते दोनदा चुकले, आणि दोन्ही वेळा त्यांना सर्दी झाली होती.

शिकवायचेही तसेच. हातसुईचं नेढं मागे असतं आणि मशीनच्या सुईचं टोकाशी, ही एवढीशी उलटापालट सुचायला माणसाला किती पिढ्या लागल्या, हे ते असं सांगायचे जणू कालच कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलंय. दुरुस्तीला एखादं जुनं मशीन आलं, होडीसारखं लांबट शटल असलेलं, काळ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी झिजत आलेलं, की जेवणाची सुट्टी विसरायचे. मला म्हणायचे, “ये, ऐक. सत्तर वर्षांचं आहे, पण दम लागत नाही बघ.”

आता मागच्या शेडबद्दल. व्यवस्थापकसाहेब, तुम्ही घड्याळ पाहिलंत. पाहा. मी थोडा जास्त वेळ घेणार आहे.

बारा वर्षांपूर्वी आपल्या कंपनीने योजना आणली, ‘जुनं द्या, नवं न्या’. आजचे व्यवस्थापकसाहेब तेव्हा विक्रीप्रमुख होते आणि योजना त्यांचीच. घरोघरची जुनी मशिनं येऊ लागली. पायाची, हाताची, कुठल्या कुठल्या देशांत घडलेली. महिनाभरात शेड भरून गेलं. आम्हाला वाटलं, दुरुस्त करून पुन्हा विकतील, निदान सुटे भाग काढतील. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘जुन्या मशिनांचा योग्य विनियोग केला जाईल.’ विनियोग म्हणजे घण. हुकूम असा की प्रत्येक मशीन दोन ठिकाणी मोडलं पाहिजे, म्हणजे ते कुणाच्या घरी पुन्हा चालायला नको. ते चाललं तर आपलं नवं कोण घेणार?

या कामाला माणूस निवडला तो दादांना. बैठकीत कुणीतरी विचारलं, यांनाच का? तर साहेब हसून म्हणाले, “ज्याला नाडी कळते तो लवकर उरकेल.” आम्हीही हसलो. मीही हसले. ते हसू आठवलं की आजही स्वतःची शिसारी येते.

बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, मशीन घण घातला की वाकत नाही. बिस्किटासारखं तुटतं, आतून करडं, खरबरीत. मी नोंदवहीवर सही घ्यायला शेडमध्ये जायची. रॉकेलचा आणि कुजट तेलाचा वास केसांना चिकटून घरी यायचा. पण मला मळमळायचं ते त्या वासाने नव्हे. मशीनच्या टेबलाला छोटे खण असतात ना, लोक ते रिकामे न करताच मशीन देऊन टाकत. त्यात बटणं असायची, खडू, मापाची चिठ्ठी, बाळाच्या अंगड्याचा अर्धा तुकडा. ते सगळं एका पिंपात झाडून टाकलं जायचं. पिंप भरलं की जाळायचं.

दादा काय करायचे सांगते. घण उचलण्याआधी प्रत्येक मशीनचं हातचाक एकदा फिरवायचे. ऐकायचे. “चालू आहे,” एवढं म्हणायचे. आणि मग फोडायचे. आठ महिने.

एकदा घण टेकवून ते मला म्हणाले, “दोनशे वर्षांपूर्वी तिकडे परदेशात शिंप्यांनी कारखान्यात घुसून ही मशिनं फोडली होती. हातातलं काम जाईल, पोरं उपाशी मरतील म्हणून. मी कशासाठी फोडतोय?” मी वही पुढे केली.

आठव्या महिन्यात फाटकावर एक बाई आल्या. शाळेचे गणवेश शिवून घर चालवणाऱ्या, सून हाताखाली. त्यांनी योजनेत स्वतःचं जुनं मशीन देऊन आपल्या कंपनीचं नवं नेलं होतं. नवं मशीन जाड कापडावर टाके सोडत होतं. पंधरा दिवसांत त्यांच्याकडे आलेले सगळे गणवेश उसवून परत आले होते. त्या भांडल्या नाहीत. नवं मशीन हातगाडीवर घालून परत आणलं होतं, आणि म्हणत होत्या की हे घ्या, सवलत नको, काही नको, माझं मला द्या. विक्री विभागाने सांगितलं की तसा नियम नाही.

दादा शेडमधून आले. खुणा विचारल्या. आत जाऊन अजून न फोडलेल्या ढिगातून मशीन शोधून काढलं, पुसलं, तेल घातलं, हातचाक फिरवलं आणि भर दुपारी मुख्य फाटकातून त्यांच्या हातगाडीवर चढवून दिलं. नवं मशीन आत ठेवून घेतलं. फाटकावरच्या रखवालदाराला म्हणाले, नोंद कर, माझ्या नावावर. त्याने केली.

याला कंपनीने नाव दिलं चोरी.

चौकशी समितीत तिघं होतो. एक वकील, आजचे व्यवस्थापकसाहेब, आणि कामगारांच्या बाजूचं कुणीतरी हवं म्हणून मी. दादांनी काहीच नाकारलं नाही. शेवटी साहेबांनी विचारलं की तुम्हाला पश्चात्ताप होतो का.

दादा म्हणाले, “होतो. आधीची फोडली त्यांचा.”

मग वकिलांनी कागद पुढे सरकवला. आरोप सिद्ध. चाचणीतून कायमचं बाहेर, पॅकिंगमध्ये बदली. आणि खाली एक ओळ: ‘कंपनीची मालमत्ता परत आणावी.’ मी सही केली.

कशासाठी? तुम्हाला वाटेल, नोकरीची भीती. तसं सांगायला मला आवडलं असतं, भीतीला जग माफ करतं. पण मला कुणीही धमकावलं नव्हतं. चाचणी विभागाच्या प्रमुखाची खुर्ची त्या महिन्यात रिकामी होणार होती, आणि ती दादांची होती, सगळ्यांना ठाऊक होतं. ते बाहेर गेले की पुढचा नंबर माझा, आणि तसंच झालं. मी हे मनात स्पष्ट शब्दांत म्हटलंही नाही. फक्त पेनाचं टोपण काढलं. इतकं सोपं असतं ते.

दुसऱ्या दिवशी दोन माणसं जाऊन त्या बाईंच्या घरातून मशीन उचलून घेऊन आली. बाई कामावर बसल्या होत्या, मध्येच उठवलं. मशीन शेडमध्ये आलं तेव्हा सुईखाली एक बाही तशीच अडकलेली होती, अर्धी शिवलेली, निळी. त्या बाहीसकट ते फोडलं. या वेळी दादांनी नाही, दुसऱ्याने. पाच घाव लागले.

संध्याकाळी बाई पुन्हा फाटकावर. रखवालदार मला बोलवायला आला. मला वाटलं, आता शिव्याशाप ऐकावे लागणार. त्या म्हणाल्या, “मशीन राहू द्या. बाही तेवढी द्या. ती दुसऱ्याच्या पोराची आहे.”

मी शेडमध्ये जाऊन ती तुकड्यांतून सोडवली. तेलाने काळी झाली होती. आणि एवढं करून मी ती त्यांच्या हातात नेऊन दिली का? नाही. रखवालदाराच्या हाती पाठवली आणि मागच्या दाराने घरी गेले.

त्यानंतर अकरा वर्षं. योजना आणखी तीन वर्षं चालली, शेड भरत राहिलं, रिकामं होत राहिलं. कारखान्यातला सगळ्यात तयार कान खोक्यांवर लेबलं चिकटवत राहिला. रोज सकाळी फाटकाशी आमची गाठ पडायची. मी विचारायची, काय दादा, बरं आहे ना? ते म्हणायचे, बरं आहे. अकरा वर्षं ही आमची ओळख. यालाच मानपत्रात स्वेच्छा म्हणतात.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. लाज वाटून गेले असं म्हणवत नाही, कारण लाज वाटली असती तर आधीच गेले असते. आजच्या समारंभात मला बोलायला सांगितलं होतं आणि मला माहिती हवी होती, जन्मगाव, शिक्षण वगैरे. वहिनींनी दार उघडलं, बसा म्हणाल्या, पाणी दिलं. मग शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही इतकी वर्षं आला नाहीत त्याचं मला काही नाही. पण शेजारी कुणाचं शिलाई मशीन सुरू झालं ना, की ऐकवत नाही म्हणून हे उठून रस्त्यावर जाऊन उभे राहतात. बंद झालं की घरात येतात. एवढं तुमच्या कानावर असू द्या.”

वहिनी, तुम्ही आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी दादांना विचारलं, समारंभात खरं काय ते सांगू का? म्हणाले, “सांग. पण साहेबांचं नंतर. आधी स्वतःचं सांग.” त्याच क्रमाने मी एक पत्र लिहिलं; इथे मात्र गोडच बोलणार होते, तो ‘स्वेच्छेने’ शब्द ऐकेपर्यंत. आणि मी निघताना ते पहिल्यांदाच काही मागितल्यासारखं बोलले. म्हणाले, “शेवटच्या दिवशी तासभर चाचणीत बसू देशील?”

आज दुपारी दीड वाजता ते आले. बाकावर चोवीस मशिनं होती, आज तीनच्या गाडीने जायची. त्यांचे चाचणीचे कागद माझ्या टेबलावर होते, छापील ‘पास’. होय, छापूनच येतात. मशीन उघडण्याआधी पास झालेलं असतं, फक्त माझी सही बाकी असते. हेही मी गेली कित्येक वर्षं करत आले आहे. शेडमध्ये मला ओकारी यायची. या कागदांची कधी आली नाही, सवय झाली होती.

दादा पहिल्या मशीनपुढे जरा वेळ नुसतेच उभे राहिले. हात पुढे जाईना. मग त्यांनी हातचाक धरलं, फिरवलं, मान कलती केली. एकेक करत चोवीस मशिनं. खडू घेऊन खुणा करत गेले. चार सोडली, वीसवर फुली. मी त्या विसातली तीन उघडली. शटल ज्या खाचेत फिरतं ती खाच घासलेलीच नव्हती, ओतकामातून आली तशी. जाड कापडाची घडी घालून शिवून पाहिली. टाके सुटत होते. अगदी त्या बाईंच्या मशीनसारखे.

व्यवस्थापकसाहेब, हे तुम्हाला इथे, सगळ्यांसमोर कळतंय. त्या वीस कागदांवरचं ‘पास’ खोडून मी ‘नापास’ लिहिलं आहे आणि खाली सही केली आहे. फाटकाशी गाडी उभी आहे ती म्हणून. तुमच्या टेबलावर माझं ते पत्रही आहे. चौकशीतली माझी सही मी मागे घेते आणि सही का केली होती हेही त्यात लिहिलं आहे. एक प्रत संघटनेकडे दिली आहे. सरचिटणीस मान हलवताहेत, म्हणजे पोचली. माझ्या नोकरीचं जे व्हायचं ते होईल. उगाच शूर म्हणू नका मला. अकरा वर्षं उशिरा आलेल्या माणसाला शूर म्हणत नाहीत.

कार्मिक बाई, तुमचा कार्यक्रम मी बिघडवला. पण मला बोलायला उभं केलंत त्याबद्दल आभार. तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, तुमचे आभार. वहिनी, दारातूनच परत पाठवलं नाहीत, तुमचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, कुणाचा मान राहिला नसेल, तर ते माझ्या खाती धरा, दादांच्या नको. बाकीची माफी मी मागत नाही, ती अशी माईकवर मागायची गोष्ट नाही.

दादा, पुष्पगुच्छ इथेच राहू दे. आता चार वाजून दहा मिनिटं झालीत आणि तुमची पाळी पाचला संपते. उद्याच्या गाडीची सोळा मशिनं बाकावर लावून ठेवली आहेत. चला, ऐकायची आहेत.